शिरपाची चकचकीत चाकं

चहा पाज गड्या, पर त्या शिरपाचं नाव माज्यापुढं काढू नगंस. बहात्तर-त्र्याहत्तर साल आसंल. रहिमतपुरात आमच्या गल्लीत भाड्याच्या ॲम्बॅसिडर दोनच, एक माजी आन् एक शेजारच्या शिरपाची. कोयनेच्या घाटात ब्रेक मारून मारून माजी चाकं काळीठिक्कर पडल्याली. त्याची मातुर आरशावानी! बघितलं की माज्या पोटात दुखायचं. एकदा रॉकेल आन् तारंचा ब्रश घिऊन सकाळभर घासली. हात काळं झालं, पर चाकाला शिरपाची सर न्हाई.

शेवटी बायकूला म्हनलं, "त्याच्या बायकूला इचार जा, काय लावतुया त्यो?"

ती हसतच परत आली. "आवं, लावत्यात कुटलं! भाडंच मिळत न्हाई, गाडी म्हैनाभर दारात हुबी हाय. तुमची घाटातनं आल्याली काळी चाकं बघून शिरपाभावजी जळत्यात, आन् त्या रागानं सोताची घासत बसत्यात."

त्या दिवसापास्नं मी चाकं धुयाचंच सोडलं. घाटातनं आलो की गाडी तशीच नेऊन त्याच्या दारापुढं लावायचो.

पर खरं सांगू? त्याची चाकं आजून माज्या डोळ्यात खुपत्यात.