ताईच्या पेशी

दवाखान्यात बाहेरच्या खोलीतला पंखा दुरुस्त करायला वायरमन शिडीवर चढला होता. खाली पन्नाशी उलटलेले बहीणभाऊ बसले होते. भावाच्या तोंडाला मास्क होता आणि हाताला सुई लावलेली होती. वरती कुणी आहे, हे दोघांच्या गावीही नव्हतं.

"ताई, इतकी औषधं झाली, तरी हा विषाणू हटेना. आता तुझ्या पेशींवरच भिस्त."

"नुसत्या माझ्या नाहीत. प्रयोगशाळेत त्यांची जनुकं बदललीत. आता त्या विषाणूला बरोबर हुडकून मारतील म्हणे."

"म्हणे?"

"डॉक्टरांनी खात्री दिलेली नाही. पण पेशी चिवट आहेत म्हणाले."

"असणारच. मारामारीपायी तू सातवीत दोनदा बसलीस."

"आणि ती मारामारी कुणासाठी होती रे बारक्या? तू रडत यायचास, मी दप्तर टाकून धावायचे."

"आणि मी घरी जाऊन तुझीच चहाडी करायचो."

"म्हणून तर आईनं शपथ घातली. याच्यासाठी पुन्हा कुणाशी भांडायचं नाही."

"पाळलीस?"

"चाळीस वर्षं. तुझा साहेब तुला राबवून घ्यायचा, तेव्हासुद्धा दातओठ खात गप्प बसले."

नर्स दारात आली. "पेशींची पिशवी आलीय. चला आत."

भाऊ उठला आणि दाराशी थबकला. वायरमनचा पेचकस मघाच थांबला होता.

"ताई, आज मोडलीस की शपथ."

"मी कुठे भांडतेय? मी आपली इथे बाहेर बसलेय."