हजेरीच्या चार चिठ्ठ्या

हॅलो?… हो, विद्यापीठाचं समुपदेशन केंद्रच. बोला डॉक्टरबाई. तुमच्या दवाखान्याचा फोन आला की मी आधी वही उघडतो, मग तोंड… हसा, हसा.

कोण? स्थापत्यच्या तिसऱ्या वर्षाची? हो, हो, फार उदास असते म्हणून महिन्यापूर्वी मीच पाठवली तुमच्याकडे… चारही भेटींना आली, ठाऊक आहे. हजेरीच्या चारही चिठ्ठ्या ओळीने लावून ठेवल्यात. चिठ्ठी नाही तर वसतिगृहातली खोली नाही, नियम आमचाच ना…

केस बंद करायची? इतक्यात? अहो, सोन्याहून पिवळं! पण सुधारणा नेमकी काय, तेवढं सांगा. रकाना रिकामा ठेवता येत नाही मला.

…काय करते? घडाघडा बोलते?

थांबा, थांबा. माझ्यासमोर स्वतःचं नाव सांगायला तिला दोन मिनिटं लागली होती. लहानपणापासून अडखळते ती… नाही हो, चार भेटींत कसं जाईल?… बरं, उंचीला कशी?… ठेंगणी? डॉक्टरबाई, माझ्या कपाटावरची फाइल तिने स्टुलाशिवाय काढून दिली होती.

ओळखपत्र पाहिलं होतं कुणी?… मीही नाही विचारलं. चिठ्ठी आली, खूण केली. दोघेही तेवढेच शहाणे.

आत्ता कुठे आहे ती?… बाहेर बाकावर? आत घ्या. रागावू नका हं… हो, धरतो.

…

हं, बोला… तिच्याच खोलीतली मैत्रीण! रडू दे, पण विचारा… आणि खरी ती अंथरुणातून उठतच नाही?… खोली जाऊ नये म्हणून हिने तिचं दुखणं स्वतःचं म्हणून सांगितलं… आणि तुमचा सल्ला तिला नेऊन सांगितला. अगं पोरी, काय करून बसलीस…

डॉक्टरबाई. गोळ्या दिल्या होत्या तुम्ही?… आणि हिने?… सगळ्या तिकडेच. महिनाभराच्या… अहो, तिला तपासलं कुणी? ती घेते का रोज?… ‘घेते’ म्हणते. घेताना पाहिलंय का, ते विचारा.

…एकदाही नाही? म्हणजे सगळ्या साठवून ठेवल्या असतील…

हिला सांगा, तिला फोन लाव, आत्ता, तुमच्यासमोर… वाजतोय?… पुन्हा लावा… उचलत नाही… सकाळी ही निघताना ती बोलली का काही?… हिला स्वतःची शाल दिली? ‘तुझ्याकडेच ठेव’ म्हणाली?

खोली क्रमांक सांगा. एकशे… सतरा. बरं. ठेवा आता, मला वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना फोन लावायचाय, ही एकच लाइन आहे इथे… चूक कुणाची ते मागाहून… अहो, ठेवा म्हणतो ना! ठेवा!