माळावर परत गेलेले दगड

बसा, सगळे बसा. एकोडीची आपली माणसं आहेत, कारध्याहून सोयरे आले आहेत. नवऱ्याच्या शोकसभेत माईकवर बोलायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मनोहररावांना तुम्ही धान पिकवणारा माणूस म्हणून ओळखता. पण त्यांचा जीव होता तळ्यामागच्या माळावर, तिथल्या दगडांच्या रिंगणांत. मी शाळा थोडीच शिकले, वाचायची सवय मात्र लागली. एका पुस्तकात तसल्याच रिंगणांचं चित्र सापडलं. खाली लिहिलं होतं, फार पूर्वीच्या लोकांनी आपली मेलेली माणसं अशा ठिकाणी पुरली. मी ते मोठ्यानं वाचलं. हे भरल्या ताटावरून उठले आणि माळावर जाऊन आले.

पुढे खबर आली, माळावर ले-आउट पडणार. प्लॉट, रिसॉर्ट. जमीन घेणारा म्हणाला, इथे रिंगण कुठे आहे? सुटे दगड तर आहेत. आपणच वर्षानुवर्षं उचलून नेलेले बाकीचे दगड कुठे होते? आपल्या मोरीत. आपल्या धानाच्या धुऱ्यांत, बांधाबांधांत.

हे घरोघर फिरले. दगड परत द्या. लोक हसले. शेजारचे काशीरामभाऊ म्हणाले, "आता चुलीतली राखबी मांगशीन का?"

सुरुवात आमच्याच घरून झाली. सासूबाईंच्या वेळचा धुण्याचा दगड यांनी पहारीनं उपटला. मी म्हटलं, "मंग कपडे कायच्यावर धुऊ जी? तुमच्या डोक्शावर?"

म्हणाले, "धू. टक्कल तं पडलंच हाये."

त्या वर्षी दिवाळीनंतरची मंडई, आपली गावजत्रा, माळावर भरली. भाऊबीजेला आलेल्या लेकी, जावई, दंडारीचा खेळ करणारे, जिलेबीची दुकानं, सगळं तिथं. आणि दगड आले. बैलगाडीतून आले, मोटारसायकलवरून आले. काशीरामभाऊंनी दोन आणले. नंतर पुरातत्त्वाचे साहेब आम्हाला रागावले, विचारल्याशिवाय दगड बसवायचे नसतात म्हणून. बरोबरच होतं त्यांचं. पण रिंगण पाहून तेही बराच वेळ उभे राहिले. आणि माळ राखायच्या ठरावाला ग्रामसभेत एवढे हात वर झाले, तेवढे मी कधी पाहिले नव्हते.

हे महिनाभर अंथरुणाला खिळलेले, आणि परवा सरपंचबाई धावत घरी आल्या. ले-आउट रद्द. माळ राखीव. मी यांच्या कानाशी सांगितलं, "आयकून राहिले का? रद्द झालं जी."

यांनी डोळे उघडले. म्हणाले, "मंग आता तुले कपडे धुवाले नवा गोटा आणून देतो."

तेच शेवटचं बोलणं.

मी रडले नाही असं नाही. पण ते ऐकून गेले. दुखणं सुटलं, माळही सुटला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं, ते तुमच्यापासून कशाला लपवू?

कुणी दयेनं मला दगड आणून देऊ नका. सिमेंटवर कपडे बरे निघतात.

आता उभे राहू या. तळ्याकडे तोंड करा. तिथं आपल्या आधीची माणसं निजली आहेत. यांनाही त्यांच्यातच धरा, आणि थोडा वेळ कुणी काही बोलू नका.