तिसऱ्या मजल्यावरचे पाहुणे

जबाब, दिनांक १६ मार्च, सोमवार, सकाळी १०.२०

नाव: इदालिना मार्केश. वय: ६९ वर्षे. धंदा: घराच्या उंबऱ्यावर टेबल मांडून चेरीची दारू पेल्याने विकणे (परवाना आहे, मागाल तेव्हा दाखवीन). राहणार: घर क्रमांक ११, तळमजला, लिंबाची गल्ली, आल्फामा, लिस्बन.

मी समक्ष ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. पूर्वी एकोणीस वर्षे कॅनडात टोरंटो येथे कचेऱ्या झाडण्या-पुसण्याचे काम केले, त्यामुळे मला इंग्रजी बोलता येते. आमच्या इमारतीचा पहिला, दुसरा व तिसरा मजला मालक प्रवाशांना दिवसांवर देतो. चौथ्या मजल्यावर मयत ओतिलिया व्हाश, वय ८४, राहत होत्या. त्या शर्टांच्या कारखान्यात काजबटण करायच्या. त्या आणि मी सोडून इमारतीत कायमचे कोणी नाही. गल्लीत म्हणाल तर सगळे मिळून सात जण उरलो आहोत. एकेकाळी एवढी माणसे एका घरात जेवायला बसत.

मयताचा भाचा रूबेन याने तक्रार दिली आहे की, मालकाने म्हातारीला घालवण्यासाठी जिन्याचा दिवा मुद्दाम काढून ठेवला आणि म्हणून ती पडली. त्याबाबत मला विचारण्यात आले. मालक मला डोळ्यांसमोर नको असतो. पण दिवा होता. जानेवारीतच नवा बसवला होता आणि गुरुवारी तो मी माझ्या हाताने लावला तेव्हा लागला. मालकाचा यात दोष नाही. माझा आहे. तो कसा, ते सांगते.

माझ्या टेबलापाशी प्रवासी थांबतात. पेला तोंडाला लावला की पुढचा प्रश्न ठरलेला, की या शहरात कोणत्या भागात उतरावे. पूर्वी मी मोठ्या तोऱ्यात ‘इथेच’ म्हणायचे. गेली दोन वर्षे मी ‘इथे सोडून कुठेही’ म्हणते. ज्याची झोप हलकी त्याला सांगायचे, इथे पहाटेपर्यंत गाणी चालतात. ज्याचे गुडघे दुखतात त्याला पायऱ्या मोजून दाखवायच्या. नवीन जोडपे असेल तर म्हणायचे, भिंती फार पातळ आहेत, पलीकडचा शिंकला तर इकडून देव भले करो म्हणावे लागते. माणसे बुकिंग रद्द करत. खोल्या रिकाम्या राहिल्या तर मालक कंटाळून परत कुटुंबांना घरे देईल अशी माझी समजूत होती. शिवाय मला त्यात मजा येत असे, हेही लिहावे.

हवालदार साहेबांनी विचारले, “बाई, याचा जिन्याशी काय संबंध?”

मी म्हणाले, “लिहा तर खरं. कळेलच पुढे.”

सोमवार दिनांक ९ रोजी दुपारी चारच्या सुमारास कॅनडातील एक जोडपे माझ्या टेबलाशी आले. बाईचे नाव नोरीन, नवऱ्याचे वॉल्टर. दोघेही शाळेतून निवृत्त झालेले. आमचा तिसरा मजला त्यांनी मंगळवारपासून तीन दिवसांसाठी घेतला होता; ती रात्र ते विमानतळाजवळच्या हॉटेलात होते व आदल्या दिवशी भाग पाहायला आले होते. नोरीनच्या हातात वही होती. हिवाळाभर घरी बसून तिने पाच भागांची टिपणे काढली होती, कुठे चढ आहे, कुठे गोंगाट आहे, कुठे सकाळी ताजा पाव मिळतो.

वॉल्टर म्हणाला, “हिच्या या वहीपायी रोज माझं जेवण गार व्हायचं. एका भागात रात्री झोपायला जायचो, सकाळी उठलो की दुसराच.”

ती म्हणाली, “तुम्ही गप्प बसा हो. आहेत तीनच दिवस. चुकीच्या ठिकाणी उतरलो तर वर्षभर तुम्हीच ऐकवाल.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, तुम्ही इथल्याच. खरं सांगा. सख्ख्या बहिणीला कुठं उतरवलं असतं?”

मी सांगितले, “कांपु द ओरीकला. अठ्ठावीस नंबरची ट्राम धरा आणि शेवटपर्यंत बसून राहा. सपाट रस्ते, बाजार जवळ, रात्री चिडीचूप. इथं कशाला मरायला येता? त्यातून तुमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, एक म्हातारी आहे. रात्रभर काठी आपटत फिरते.”

ओतिलियाबाईंकडे काठी नव्हती. त्या रात्री नऊला झोपायच्या ते सकाळी सहालाच उठायच्या. हे मी त्या क्षणी रचून सांगितले. वॉल्टरने माझ्यासमोर फोनवरून खोली रद्द केली व दोघांनी माझे आभार मानले. मी त्यांना एकेक पेला माझ्यातर्फे दिला.

मंगळवार दिनांक १० रोजी सकाळी ७.४० वाजता मी सेतुबालला निघाले. तेथे माझ्या बहिणीच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. एरवी मी दिवसातून एकदा तरी वर जाऊन बाईंना पाहून येत असे. त्या दिवशी बाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी वरून हाक मारली, “इदालिना, आज येतायत ना गं ते कॅनडावाले? सफाईवाली मागच्या आठवड्यात सांगत होती.”

मी वर पाहिले.

त्या म्हणाल्या, “तू निवांत जा. माझी काळजी नको करू. खाली माणसं आहेत, मी काही एकटी नाही. संध्याकाळी त्यांना संत्री देते नेऊन. भाच्यानं पेटीभर पाठवलीत, मी एकटी किती खाणार?”

चार जिने चढून सांगायचे तर नदीपलीकडे नेणारी आठची बोट चुकली असती. गल्लीतून ओरडून सांगायचे तर मी काय केले ते सगळ्यांच्या कानावर गेले असते. मी नुसता हात हलवला आणि निघाले.

येथे सांगते की ओतिलियाबाईंना प्रवासी आवडत. कोणी तरुण असला तर त्यांची बाजाराची पिशवी वर नेऊन देई. भाषा येत नसतानाही त्या त्यांच्याशी अर्धा तास बोलत. मला हे माहीत होते. बाईंना जिन्यावरच्या बॅगांच्या खडखडाटाचा त्रास होतो, म्हणून मी या लोकांना घालवते, असे मी गल्लीत सांगत होते. बाईंना मी तसे एकदाही विचारले नव्हते.

पहिला व दुसरा मजला रंगकामासाठी रिकामे करून बंद ठेवले होते, रंगारी पुढच्या आठवड्यात यायचे होते. तिसऱ्यावर कोणी येणार नव्हते, म्हणून सफाईवालीही आली नाही. बुधवारी दुपारी मी बहिणीच्या घरून बाईंना दोनदा फोन लावला. उचलला नाही. त्यांना ऐकू कमी येते, राहिले असेल, असे मी समजले. त्या दोन दिवसांत इमारतीत एकही माणूस चढला नाही, हे मी आता खात्रीने सांगू शकते.

गुरुवार दिनांक १२ रोजी सकाळी दहाला मी परत आले. अकराच्या सुमारास टेबल मांडत असताना नोरीन व वॉल्टर पुन्हा आले. माझे आभार मानायला मुद्दाम ट्रामने आले होते. केकचा खोका आणला होता. नोरीन म्हणाली, “ताई, काय जागा सांगितलीत! आठ-आठ तास झोपलो. वहीतली सगळी टिपणं फाडून टाकावीशी वाटली.” मला बरे वाटले. दोन केक बशीत घेऊन मी वर निघाले. बाईंना गोड द्यायचे आणि मग सगळे सांगून टाकायचे, शिव्या बसतील तेवढ्या खायच्या, असे मनात होते.

दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर मला एक संत्रे दिसले. पुढे आणखी दोन. मी दिवा लावला. तिसऱ्या मजल्याच्या दारासमोर बाई कुशीवर पडल्या होत्या. डावा पाय वाकडा झाला होता. एका पायात चप्पल नव्हती, ती उजव्या हातात होती. श्वास चालू होता. मी ओरडले. वॉल्टर धावत वर आला व त्याने रुग्णवाहिका बोलावली. नोरीनने आपला कोट काढून बाईंच्या अंगावर घातला. दाराच्या खालच्या भागात, हात पोचेल तेवढ्या उंचीवर, रंगाचे पापुद्रे निघाले होते. नोरीनने दारावरचा आकडा वाचला आणि मग माझ्याकडे पाहिले. ती दोघे शुक्रवारी मायदेशी गेली.

हवालदार साहेब म्हणाले, “बाई, कुणाला कुठं उतरा म्हणून सांगणं हा गुन्हा होत नाही. मी यात कलम कुठलं लावू?”

मी म्हणाले, “ते तुम्ही बघा. लावा काहीतरी.”

ते म्हणाले, “नाही लागत.” आणि त्यांनी मला पाणी दिले.

शनिवार दिनांक १४ रोजी दुपारी तीन वाजता मी इस्पितळात गेले. बाई शुद्धीवर होत्या. खुब्याचे हाड मोडले होते व छातीत पाणी झाले होते. मला ओळखले. आवाज अगदी बारीक येत होता.

म्हणाल्या, “इदालिना, तिसऱ्या मजल्यावर कोण उतरलेत गं? बहिरे आहेत का?”

मी खुर्ची खाटेजवळ ओढली.

“चप्पल काढून ठोकलं मी दारावर. रात्रभर ठोकलं. दिवस उजाडल्यावर पुन्हा. मग हात दुखायला लागला.”

मी त्यांचा तो हात धरून बसले होते. सोमवारचे सगळे तोंडापर्यंत आले होते. ते सांगायला मला दोन मिनिटे पुरली असती.

त्या म्हणाल्या, “त्यांचा काय दोष म्हणा. एवढ्या लांबून आलेले. दमून झोपले असतील बिचारे.”

मी म्हणाले, “हो. झोपले होते.”

“मग रागावू नकोस त्यांना,” त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. सायंकाळी ५.४० वाजता त्या गेल्या. त्या वेळी मी बाहेर बाकावर होते.

हवालदार साहेबांनी हे सगळे मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवले. एका जागी मी त्यांना थांबवून ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. ‘हो. झोपले होते.’ हे वाक्य खोटे आहे. पण मी ते बोलले, हे खरे आहे. तेव्हा जबाब लिहिला आहे तसा बरोबर आहे, आणि त्याखाली मी सही करते.

(सही) इदालिना मार्केश