अकरा मिनिटांची एक ओळ

माझ्या आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या ठाण्याच्या पोलीस निरीक्षक कामिनी गिरासे मॅडम, लोणखेड्याहून मुद्दाम आलेले माजी मुख्याध्यापक योगेंद्रभाई, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी आणि पहिल्या रांगेत बसून 'लवकर आटपा' अशी खूण करणारी माझी पत्नी मंगलाबाई, सर्वांना नमस्कार.

आत्ताच एका वक्त्याने सांगितलं की, प्रेमचंद बोरसे म्हणजे चौकशीतला वाघ. मी मागे वळून पाहिलं, दुसरे कोणी बोरसे आलेत का! वाघाचं खरं रूप कॅमेऱ्यात आहे. तेवढं सांगतो आणि खाली बसतो.

दोन वर्षांपूर्वी मॅडमनी चौकशीच्या खोलीत कॅमेरा बसवला. रेकॉर्डिंग सुरू असल्याशिवाय एकही प्रश्न विचारायचा नाही, असा आदेश काढला. सर्वांत मोठ्याने कोण ओरडलं? मीच. "मॅडम, तेहतीस वर्षांत माझ्यावर संशय घ्यायची वेळ कोणावर आली नाही!" पण दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा गणवेश घालून, मिशीला तेल लावून मीच आधी हजर.

त्याच आठवड्यात तापीकाठच्या एका केळीबागेतली पाण्याची मोटर चोरीला गेली. मालकाने मजुरावर संशय घेतला. मजूर धडगावकडच्या पाड्यावरचा, चैत्या पावरा. मी विचारलं, "मोटर तू नेली?" तो म्हणाला, "हो." संपलं की! नंतर तो त्याच्या पावरी बोलीत बराच वेळ बोलत राहिला. मी कागदावर लिहिलं, 'आरोपीने गुन्हा कबूल केला.' बाहेर त्याची बायको गुलाबबाई सकाळपासून बसली होती. जाता जाता तिलाही सांगितलं, "कबूल झालाय तुझा नवरा."

घरी ऐटीत ही हकीकत सांगितली, तर मंगलाबाई म्हणाली, "तुम्हले पावरी येस का?"

"नही."

"मंग त्यानं काय सांगं, ते तुम्हले कसं समजनं?"

मी म्हटलं, अनुभव! (हसू नका, तेव्हा मी गंभीर होतो.)

सकाळी चैत्याला कोर्टात न्यायचं होतं. रेकॉर्डिंगची प्रत काढायला आपली कॉन्स्टेबल रविना बसली. ती मूळची धडगावचीच. थोड्या वेळाने आली आणि म्हणाली, "काका, जरा येता का? तो तर वेगळंच सांगतोय."

पडद्यावर सर्वांत आधी दिसलं माझं टक्कल. कॅमेरा छताला आहे, हे मिशीला तेल लावताना ध्यानात आलं नव्हतं. त्या टकलापलीकडे चैत्या हात जोडून बोलतोय. एकदा डोळे पुसतो. आणि वाघ काय करतोय? बशीत चहा ओतून फुंकर मारतोय. मग खारी बुडवतो. अर्धी खारी बशीत पडते, ती बोटाने काढतो. अकरा मिनिटं, मंडळी! मान वर केली ती फक्त मोबाइल वाजला तेव्हा.

रविना एकेक वाक्य मराठीत सांगत होती. "मोटर मीच नेली. मालकाच्या पुतण्याने सांगितलं, दुरुस्तीला न्यायची आहे. मी खांद्यावरून जीपपर्यंत नेली. जीपवाला ओळखीचा आहे, त्याला विचारा." जीपवाल्याचं नाव त्याने तीन वेळा घेतलं होतं.

मी मॅडमसमोर उभा राहिलो. त्या एवढंच म्हणाल्या, "कोर्टात तुम्ही स्वतः सांगायचं." सांगितलं. जीपवाल्याने चैत्याचा शब्द खरा ठरवला. घरच्या वाटणीच्या भांडणातून पुतण्याने मोटर स्वतःच्या विहिरीवर बसवली होती. संध्याकाळी चैत्या सुटला.

मी त्याची माफी मागितली. तो शेजारच्या बायकोकडे बोट करून रविनाला म्हणाला, "ते मशिनीतलं माझं बोलणं हिला दाखवा." मला कळेना. तेव्हा गुलाबबाई खाली मान घालून बोलली, ते रविनाने मला सांगितलं: "हा कधी खोटं बोलत नाही. पण साहेब म्हणाले, कबूल झालाय. रात्रभर मला वाटलं, यानेच चोरली असेल."

एका ओळीने मी माणूस कोठडीत घातला, हे मला ठाऊक होतं. पण त्याच्या घरातही शिरलो होतो, हे तेव्हा कळलं.

मॅडमनी परवानगी दिली. नवराबायकोने शेजारी बसून अकराच्या अकरा मिनिटं पाहिली. खारी पडली तिथे गुलाबबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग चैत्याच्या खांद्यावर हात ठेवला.

सहकाऱ्यांनो, तुम्ही कॅमेऱ्याला कंटाळता, ते मी ऐकतो. कंटाळा, पण बंद करू नका. आणि समोरच्याची भाषा येत नसेल तर येणाऱ्याला बोलवा. यात कमीपणा नाही. कमीपणा कशात असतो, ते माझ्या टकलाला विचारा.

मॅडम, रविना, तुम्हा सर्वांचे आणि घरात उलटतपासणी घेणाऱ्या मंगलाबाईचे मनापासून आभार. शेवटी 'काही चुकलं असल्यास क्षमा असावी' असं म्हणायची रीत आहे. माझ्या तोंडी तो 'असल्यास' बसत नाही. कॅमेरा माझ्या नोकरीच्या अखेरीस आला. त्याआधीच्या तेहतीस वर्षांत मी अशा किती ओळी लिहिल्या, ते दाखवणारं रेकॉर्डिंग कुठेच नाही. त्या माणसांची क्षमा मागतो. ती या सभागृहात नाहीत, म्हणून तुमच्यासमोर मागतो.

नमस्कार.