आळ्याचं शेवटचं अक्षर

...आणि वर सर मलाच म्हणतात, "तू घाबरलीस म्हणून तो अडला!" मी घाबरले म्हणून कॉम्प्युटर अडला! तो काय बैल आहे, माणूस बघून बुजायला? तुम्हाला सांगते, मी त्याला अवघड काही विचारलंच नव्हतं. चंद्रावर पाणी किती, हे नाही विचारलं. शब्दाचं शेवटचं अक्षर सांग म्हटलं. शेवटचं अक्षर हो! फक्त शेवटचं! बालवाडीतलं पोर नाक पुसता पुसता सांगतं!

मुळात मी या भानगडीत पडले कशाला? तर बोलावं लागू नये म्हणून. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. म्हणजे टेबलामागे उभं राहायचं आणि येईल त्याला "नमस्कार, माझ्या प्रकल्पाचे नाव" म्हणून पाठ केलेलं म्हणून दाखवायचं, दिवसभर! मला हजेरीला 'हजर' म्हणताना घाम फुटतो. म्हणून मी असा प्रकल्प शोधला, की बोलायचं काम कॉम्प्युटरने करावं आणि मी मागे वायर धरून उभं राहावं. गावांच्या भेंड्या! तुम्ही गावाचं नाव टाइप करायचं, तो शेवटचं अक्षर काढणार, त्यावरून पुढचं गाव सांगणार, परत तुमची पाळी. माझ्या तोंडाला कामच नाही!

घरी करून बघितलं. आधी आईचंच नाव टाकलं, नंदा. किती अक्षरं? दोन. नं आणि दा. कॉम्प्युटर म्हणाला, बारा. बारा! आणि शेवटचं अक्षर म्हणून दाखवली एक काळी शंकरपाळी, तिच्या पोटात प्रश्नचिन्ह. म्हणजे प्रश्न मी विचारायचा आणि उत्तरात प्रश्नच घ्यायचा!

आमचा समर्थदादा, चुलतभाऊ, इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीला आला की कुणाकडे मान वर करून बघत नाही. मोबाइलवर अंगठा फिरवत म्हणतो, "अगं येडे, ते अक्षरं नाय मोजत, बाइट मोजतंय. बाइट म्हणजे खण समज. इंग्रजी अक्षराला एक खण पुरतो, आपल्याला तीन लागत्यात."

का? आमची अक्षरं काय जाड आहेत? बरं, 'न'ला तीन दिले, दिले. पण त्याच्या डोक्यावरच्या टिंबालाही तीन? टिंब हो! टिकलीएवढं! त्याला तीन खण, आणि इंग्रजीचा तो चार काठ्यांचा डब्ल्यू एका खणात पाय दुमडून बसतो! ही कुठली वाटणी? आणि शेवटचं अक्षर म्हणून यानं काय दिलं? 'दा' नाही, 'द' नाही, कान्याचा तिसरा तुकडा! लाडू मागावा आणि डब्याच्या तळाचा चुरा हातावर यावा, तसं!

"मंग प्रोग्रामची भाषा बदल की," दादा म्हणाला. "सी सोड, पायथनमध्ये कर. त्याला अक्षरं कळत्यात."

केलं. नंदा टाकलं. हा म्हणाला, चार. बारावरून चारावर आला म्हणून मला जरा बरं वाटलं... मग शेवटचं अक्षर मागितलं. तर काना! नुसता काना! शेजारी ठिपक्यांचा रिकामा गोल. म्हणजे 'द' इथे राहत होता, सध्या घर रिकामं आहे. आता कान्यावरून कुठलं गाव सांगू? जगात कान्यावरून काही सुरू होतं का? एक भाषा तुकडे मोजते, दुसरी काने-मात्रे सुटे करून मोजते, आणि दोघींची ऐट काय, आम्ही अक्षरं मोजली! शेवटचं अक्षर हो! फक्त शेवटचं!

बरं, सुधारता आलं असतं. काना-मात्रा दिसली की एक पाऊल मागे हो, खरं अक्षर लागेपर्यंत, एवढंच शिकवायचं होतं त्या शहाण्याला. पण मध्ये आले आमचे कॉम्प्युटरचे सर. "दाखव बरं." त्यांनी टाकलं, जुन्नर. र! मंचर. र! ओतूर. र! घोडेगाव, व. नारायणगाव, व. अवसरी बुद्रुक, क. अवसरी खुर्द, द. दोन्ही अवसऱ्या पास! "फस्क्लास! आता याला हात लावायचा न्हाई!" मी म्हटलं, "सर, या गावांना शेवटी काना-मात्राच नाहीये..." म्हटलं म्हणजे काय, माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, मलाच ऐकू आला नाही. सरांनी लॅपटॉप उचलला आणि ऑफिसच्या कपाटात घालून कुलूप लावलं. का? पोरं बिघडवतात!

आणि प्रदर्शनाला पाहुणे कोण? भिमाजीशेठ. गाव कुठलं? आळे! दोन तालुक्यांत एवढी गावं पडलीत, पाहुणा आणावा तो आळ्याचा!

शेठ आले, मागे सरपंच, मागे अख्खी शाळा. सर म्हणाले, "शेठ, तुमी फक्त गावाचं नाव टाका. मराठी सगळं कळतंय याला." शेठनी एका बोटाने शोधत शोधत टाकलं... आ... ळे. पडद्यावर ठिपक्यांचा गोल आला, त्याच्या डोक्यावर नुसती मात्रा, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'असे गाव नाही.'

शेठनी चष्मा वर केला. "आळे न्हाई? मंग मी सकाळी निघालो कुठनं?"

सर म्हणाले, "नेटवर्क गेलंय, शेठ." नेटवर्क! लॅपटॉपला नेट जोडलेलंच नव्हतं! आणि मग माझ्याकडे वळून, "अगं, बघतीस काय, बोल की!"

आणि मला काय झालं कोण जाणे, मी बोलले. खण, टिंब, डब्ल्यू, काना, सगळं एका श्वासात. "शेठ, आळे आहे, हा गाढव आहे!" सरांना वाटलं, मी त्यांनाच म्हणाले. वाटू दे.

शेठ म्हणाले, "पर पोरी, ळ वरनं तरी कुठलं गाव येतंय?"

"ळ आला की ल घ्यायचा असतो, शेठ!"

"मंग लेण्याद्री!"

"र! रांजणी!"

झालं! सरपंच घुसले, पोरं घुसली, सगळी भेंड्या खेळायला लागली, मी मधे उभी राहून अक्षरं ओरडतेय, आणि कॉम्प्युटर मागे वायर धरून गप्प!

तेव्हापासून सर सांगत सुटलेत, "काय बोलती ही पोरगी!" आणि मला न विचारता आजच्या वक्तृत्व स्पर्धेत नाव घातलं. यादी त्यांच्याच प्रोग्राममध्ये. माझं नाव संस्कृती. सं, स्कृ, ती. तीन अक्षरं. खण लागतात चोवीस. सरांनी ठेवलेत वीस.

म्हणून मघाशी मायकवर आलं, "संस्कृ?" पुढे तीच काळी शंकरपाळी होती ना, सरांनी प्रश्नचिन्हासकट वाचलं! मी मान खाली घातली. म्हटलं, वाचले! या नावाचं माणूसच नाही जगात. जन्मात पहिल्यांदा बाइटचे आभार मानले. सर परत म्हणाले, "संस्कृ? अरे, संस्कृ कोण?"

आणि तुम्ही... हो, तुम्हीच! सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलंत आणि एका सुरात ओरडलात...

"ती!"

लागलं शेवटचं अक्षर. आले मग.