पुतळा फुगला नव्हता

—आन् एकानंही इस्वास ठेवला नाही माह्यावर, सत्यभामाबाई, एकानंही नाही! माप चुकलं म्हने. माहं माप! अर्ध्या चिखलीच्या बाया माह्या हातची पोलकी घालतात, आन् पिंपळगाव राजाची ती म्हातारी मले माप शिकवते. थू! — तुमच्यावर नाही थुकली, बसा. पोरीले खाटेवर बसू द्या. लग्नाची पोलकी शिवाची ना तिची? त्याच्याआधी हा कोपरा पाह्यून घ्या. भेऊ नका, भूत नाही, पुतळा हाय. मुंडकं नाही म्हून काय झालं, पोलक्याले मुंडकं लागत नाही.

कसा केला म्हनता? माह्या पोरीले लग्नाआधी जुनी बंडी घालून आंगनात उन्हात उभी केली. कनकीची खळ शिजवली, पेपरच्या पट्ट्या बुडवल्या आन् आंगाले चिटकवल्या — एकावर एक, एकावर एक, पार कमरेपर्यंत. महाराष्ट्र झाला त्या सालचे पेपर, मंत्र्यायचे फोटू आले तिच्या पोटावर. गुदगुल्या होऊन हासे ती. म्या दटावलं, हासू नको वं, पट्ट्या उकलतीन. वाळल्यावर पाठीतून कातरीनं चिरला, सालपटावानी काढला, पुन्हा शिवला, आत कापूस ठासला, वरून मांजरपाट. फुटक्या जात्यात मुसळ रोवून त्याच्यावर बसवला. एवढी मेहनत काऊन? मोठ्या घरी पडली ना पोर! त्या घरच्या सुना शिवनाऱ्या बाईच्या दारात येत नाहीत, नुसतं कापड येते. पोर सासरी गेली, माप माह्यापाशी राह्यलं.

दिवाळीचं पोलकं ह्याच्यावरच बेतून धाडलं. वापस! ढगळं होते म्हने. उसवलं, पुन्हा टेप लावली, शिवलं, धाडलं — पुन्हा वापस. मंग डोक्यात उजेड पडला. पुतळा तोच, टेप तीच, मंग कमी काय झालं? पोरगीच कमी झाली ना बाई! त्यायची कामाची गडीनच सांगून गेली मले — सुनेनं सगळ्यायच्या मांगून जेवाचं, आन् तिची जेवाची पाळी आली का सासू टोपल्यातल्या भाकरी उचलून म्हशीपुढं टाके. म्या घरातल्या मानसाले म्हटलं, जा, घेऊन या तिले. गेले. त्यायच्या घरचं कोंबडं खाल्लं, जावयाच्या, शेषरावाच्या बैठकीत लोडाले टेकले, आन् हात हालवत वापस. पोरगी चुलीपाशी होती म्हने, हाकही मारली नाही. मले काय सांगावं? पोर चांगली हाय, पावसाळ्यात तुहा पुतळाच फुगला. फुगला! दाबा, दाबून पाहा — हे काय भजं हाय फुगाले? धरा टेप, तुमीच धरा.

संक्रांत नाही पाह्यली तिनं. ताप म्हनतात ते. सवाशीन गेली म्हून माहेरचं हिरवं पोलकं लागते — म्याच शिवलं, ह्याच्याच मापावर, मुद्दाम! म्हटलं, दिसू दे लोकायले. घातलं तिले. बाभळीवर वाळत टाकल्यावानी दिसे बाई, आत काही नव्हतंच. आन् तिथं, मुर्द्यापाशी, सासू म्हनते माप चुकलं, आन् सारे माना हालवतात, आमच्या घरचेही! माही कोकिळा... हाव, माहीच. बहिनीची पोर, पन माय मीच. तुमाले कोनी सांगतलं नसन.

आन् त्याच शेषरावाले तुमी ही पोर देऊन राह्यल्या. पहिली तापानं गेली, घर चांगलं हाय — कोनी सांगतलं? नका सांगू, मले ऐकू येते. ओट्यावर तुमच्या मालकाले चहा पाजून, मांडी थोपटून जो हासून राह्यला ना, त्यानंच. पहिली सोयरीकही त्यानंच जुळवली. त्या लोडाची चटक लागली त्याले. म्हातारीनं भाकर हिसकली, शेषराव बैलावानी पाहत राह्यला, पन हा तं डोळ्यानं पाह्यून आला आन् पुतळ्यावर ढकलून मोकळा झाला! लग्नातल्या उखान्यात घेतलं असन तेवढंच, त्याच्यानंतर ह्या मंगळसूत्राच्या धन्याचं नाव तोंडातून काढलं नाही म्या.

उचला ते कापड. मी नाही शिवत. पोरीचा हात धरा, मांगच्या दारानं निघा, अमडापूरची मोटर पकडा. सोयरीक कोनी मोडली इचारलं, तं सांगा गोजरबाईनं. आन् कोकिळेले कोनी मारलं इचारलं, तं सांगा — पुंजाजी.